एकशे चार सेंटिमीटरची खुर्ची

मेजावर पाच रांगांत मिळून एकवीस ताटल्या होत्या. पहिल्या रांगेत पाइनच्या पानांवर उकडलेल्या तांदळाच्या करंज्या, दुसरीत भाजलेला मासा आणि तव्यावरच्या वड्या, तिसरीत तीन सूप, चौथीत भाज्या आणि सुकवलेली मासळी. शेवटच्या रांगेत वाळवलेली बोरं, सोललेले चेस्टनट, पाच नाशपाती, पाच सफरचंदं. फळं विषमच, कारण गेलेल्यांपुढे सम मांडत नाहीत. उदबत्त्या तीन. दारूचा पेला एक. आजोबांचा फोटो एक.

माणसं पाच असायला हवी होती. दान-बीने पुन्हा मोजली. सहा होती.

सहावी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. कमरेला ओला एप्रन तसाच बांधलेला, एका हातात मोटारीची किल्ली. दान-बीची मोठी आत्या, सुन-ओक.

चुसॉकच्या, म्हणजे शरदातल्या पितरांच्या सणाच्या, सकाळी लग्न झालेली मुलगी माहेरी नसते. ती सासरच्या गेलेल्यांसाठी वड्या तळत असते आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, दुपारी, फळांची पेटी घेऊन माहेरी येते. सुन-ओक आत्या तीस वर्षं अशीच आली होती. अडीचच्या आत कधीच नाही. आत्ता नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ताई?" दान-बीचे बाबा, ब्योंग-हुन, हातातला पेला तसाच धरून म्हणाले. "दाजी बरे आहेत ना? कुणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही. आधी नमस्कार उरकून घ्या. मग बोलते."

"पण तुमच्या घरचा विधी?" दान-बीच्या आईने विचारलं.

"जावेवर टाकून आलेय."

दान-बीच्या आईचा हात नकळत तोंडाशी गेला. पंचवीस वर्षांत तिने स्वतः एकदाही असं केलं नव्हतं. तापात होती तेव्हासुद्धा.

आजी, माल-सुन, फोटोपुढे बसली होती. तिने मागे वळून पाहिलंच नाही. सुन-ओकचा आवाज ऐकल्यावर तिने फक्त स्वेटरच्या खिशावर हात ठेवला. दान-बीने ते पाहिलं. काल संध्याकाळपासून आजी म्हणत होती की खालच्या कपाटाची किल्ली सापडत नाही.

*

दान-बीची धाकटी आत्या मि-रान सिनेमात काम करायची; तिला घरात कुणी तेलापाशी उभं राहू देत नसे. अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी हातावर थेंब उडेल म्हणून वहिनी, दान-बीची आई, तिला बाजूला करायची. चेहरा आणि हात ही तिची हत्यारं आहेत, असं तिचे बाबा म्हणायचे, तेव्हापासूनचा नियम. म्हणून ती ब्योंग-हुनदादाचा जुना टी-शर्ट घालून नुसती ताटं मांडत होती आणि ताई काही खात नाही हे बघत होती.

"ताई, सूप तरी घे. लांबून गाडी चालवत आलीस."

"नदीपलीकडून आलेय. वीस मिनिटांचा रस्ता." सुन-ओकने चमचा खाली ठेवला. "काल ग्रुपवर काय टाकलंस, ते वाच."

"ते? वाचलंस का? आवडलं?" मि-रानने हसून फोन उचलला. सोलमध्ये पुढच्या महिन्यात तिच्या तीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन उघडणार होतं. पहिल्या फलकाचा मजकूर तिने काल सगळ्यांना पाठवला होता, आणि आज ती गुन्सानला त्या फलकासाठीच आली होती. बाबांच्या कपाटातली मूळ निगेटिव्ह न्यायची, तिच्यावरून भिंतीएवढा फोटो करायचा.

ती वाचू लागली. "'एकोणीसशे त्र्याण्णवच्या शरदात गुन्सानच्या एका स्टुडिओच्या खिडकीत अठरा वर्षांच्या मुलीचा फोटो लागला. तो तिच्या वडिलांनी काढला होता. रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाने तो पाहिला आणि...'"

"ते पहिलं वाक्य काढ."

"का? 'शरदात' नको? मीही म्हणत होते, जरा नाटकी वाटतं."

"तो फोटो माझा आहे," सुन-ओक म्हणाली.

वहिनीच्या हातातून स्टीलची चॉपस्टिक निसटली आणि टणकन फरशीवर पडली. ब्योंग-हुन एकटाच हसला, मग कुणी हसत नाही हे बघून थांबला.

"ताई, सणाच्या दिवशी कसली थट्टा!"

"जाव घरी शिव्या घालत वड्या तळतेय. थट्टा करायला इथे येईन मी?"

मि-रानच्या मनात पहिला विचार आला तो जमिनीचा. स्टुडिओतली लाकडी जमीन, पायाखाली गार. बाबांचा आवाज: हनुवटी खाली, अजून थोडी. ते सगळं तिला आठवत होतं. किती मुलाखतींत सांगितलं असेल.

"मला आठवतंय, ताई. तो निळा सूट घातला होता मी."

"घातला होतास. माझ्यानंतर. माझे सगळे कपडे तू माझ्यानंतरच घातलेस."

"असं कसं?" ब्योंग-हुन म्हणाला. "फोटोत तीळ कुठंय? तुझ्या डाव्या डोळ्याखाली हा एवढा तीळ आहे. खिडकीतल्या फोटोत नाही. तीस वर्षं बघतोय मी."

"लग्न ठरवण्यासाठी काढलेला फोटो होता तो. डोळ्याखालचा तीळ म्हणजे रडकी बायको, असं आईच म्हणायची. बाबांनी निगेटिव्हवर पेन्सिलने तो भरून टाकला. कुठल्या मुलीचा ठेवला त्यांनी?"

हे खरं होतं. या गावातल्या एका पिढीच्या सगळ्या नवऱ्या बाबांच्या फोटोंत बिनतिळाच्या होत्या.

"आई," मि-रान म्हणाली. "तू सांग ना."

माल-सुनने करंजीचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावला. "मला नाही आठवत. माणसं यायची, फोटो काढायची. आता या वयात काय काय आठवू?"

*

माल-सुनला सगळं आठवत होतं.

त्या दिवशी दुकानात ती एकटीच होती. नवरा फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत. सोलचा माणूस आत आला. चामड्याचं जाकीट, हातात कार्ड. खिडकीतल्या फोटोकडे बोट करून म्हणाला, ही मुलगी कुठे भेटेल? आमच्या लिपस्टिकसाठी चेहरा हवाय.

सुन-ओकच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. सागरी शेवाळ वाळवणारं घराणं, सासू कडक. नवरा मुलगा एकशे सहासष्ट सेंटिमीटर, म्हणून फोटोसाठी सुन-ओकला उंच टाचांचे बूट घालू दिले नव्हते. मुलगी जराही उंच दिसता कामा नये असा निरोप आला होता. ज्या बाईला बुटाची टाच चालत नाही तिला रस्त्यारस्त्यावर लागलेलं सुनेचं तोंड चालेल? ठरलेलं मोडलं असतं. मोडलेल्या मुलीला त्या गावात दुसरं कोण विचारणार होतं?

तेवढ्यात मि-रान जिन्यावरून खाली आली. ओले केस, खांद्यावर टॉवेल.

"हीच," माल-सुन म्हणाली.

एकच शब्द. नवऱ्याला संध्याकाळी कळलं. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, मीठ कमी आहे. पुढे अठरा वर्षं, मरेपर्यंत, त्याने तो विषय काढला नाही. पण खिडकीतला फोटोही कधी बदलला नाही. ऊन लागून निळा सूट पांढरा झाला तरी.

*

"बरं, समजा," ब्योंग-हुन आता उठून उभा राहिला होता. "समजा, असेल तुझा. मग? तीस वर्षांनी काय करायचं त्याचं? गल्लीच्या तोंडाशी पाटी लागलीये मि-रानच्या नावाची. वसंतात मी खाली कॅफे उघडतोय. लोक तो फोटो बघायला येणार. त्यांना काय सांगू, चुकीची मुलगी आहे?"

"म्हणजे तुमचा कॅफे महत्त्वाचा," वहिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. चोंग-रे वहिनी या घरात नणंदांच्या भांडणात कधी पडली नव्हती. ब्योंग-हुनचा चेहरा एखाद्याने मागून ढकलल्यासारखा झाला.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"जी बाई चुसॉकच्या सकाळी जावेवर विधी टाकून येते, ती खोटं सांगायला येत नाही. एवढं मला कळतं."

सुन-ओकला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तिने एप्रनची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. तिला आधाराची सवय नव्हती. वहिनीकडून तर नाहीच.

लग्नानंतर चार महिन्यांनी ती औषधांच्या दुकानात गेली होती. दिवस राहून दोन महिने झाले होते, उलट्या होत होत्या. काउंटरमागे पोस्टरवर मि-रानचा चेहरा होता, तिच्याहून मोठा, ओठ लाल. आधी तिला अभिमान वाटला. मग दुकानदार म्हणाला, ही गुन्सानची आहे म्हणे, बापाच्या दुकानात हिचा फोटो लागलेला होता, त्यावरून उचलली. ती तिथेच उभी राहिली. उलटीचं औषध न घेताच घरी आली. सासू म्हणाली, तुझ्या बहिणीला लाज नाही.

तिने कधीच काही म्हटलं नव्हतं. कारण मागायचं तरी काय? मि-रानचं काम तिने पाहिलं होतं. सुरुवातीला पेपरवाले तिला चालता पुतळा म्हणायचे. मग मि-रान चार वर्षं एका तळघरातल्या नाटकमंडळीत झाडू मारत शिकली, आणि छत्तिसाव्या वर्षी तिने पडद्यावर मासे कापणारी बाई अशी उभी केली की सुन-ओकला थिएटरात वास आला. ते सुन-ओकला जमलं नसतं. हे तिला पक्कं माहीत होतं.

"मला तुझं काही नको," ती मि-रानला म्हणाली. "एक सिनेमा नको, एक बक्षीस नको. पण काचेमागे माझं तोंड आणि खाली तुझं नाव, हे मी मेल्यावर माझ्या मुलांनी वाचायचं? दुकानाच्या खिडकीत होतं तोवर ठीक होतं. तिथे नाव नव्हतं लिहिलेलं."

"म्हणजे मी चोर," मि-रान म्हणाली.

"मी असं म्हटलं?"

"मग काय म्हटलंस? पहिल्याच दिवसापासून मी दुसऱ्याच्या जागेवर उभी होते, हेच ना? ते काम मी केलं, ताई! मला कुणी पेन्सिलने नाही काढलं! पहिल्या दिवशी त्या माणसाने मला दिव्याखाली उभं केलं, टेपने मोजलं, म्हणाला एकशे बहात्तर! म्हणाला..."

ती थांबली.

दान-बी तिच्या समोरच बसली होती. पडद्यावर हा चेहरा तिने शंभरदा पाहिला होता, रडताना, मरताना. पण असा कधीच नाही. त्यावरचं सगळं हळूहळू उतरलं.

पुढचं वाक्य घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. दर मुलाखतीत असायचं. टीव्हीवर प्रेक्षक हमखास हसायचे.

"काय म्हणाला?" सुन-ओकने हळूच विचारलं.

"म्हणाला," मि-रान म्हणाली, "फोटोत बुटकी दिसतेस गं."

आणि नेहमी जोडायची ते उत्तर, की माझ्या बाबांची लेन्सच तशी, ते तिने या वेळी जोडलं नाही.

खाली रस्त्यावरून कुणाची तरी मोटार गेली. "तेव्हा वाढत असशील तू," ब्योंग-हुन म्हणाला.

"एका महिन्यात आठ सेंटिमीटर?" वहिनी म्हणाली. "ताई एकशे चौसष्ट आहेत."

"फोटोवरून उंची कळते का?" मि-रानने विचारलं. ती दान-बीकडे बघत होती. "तू लेन्सच्या प्रयोगशाळेत आहेस ना? कळते?"

"नुसत्या फोटोवरून नाही कळत, आत्या," दान-बी म्हणाली. "शेजारी एखादी वस्तू हवी. जिचं खरं माप माहीत आहे अशी. आणि ती तितक्याच अंतरावर हवी."

"खुर्ची," सुन-ओक म्हणाली. "माझा हात खुर्चीच्या पाठीवर होता."

"आहे खुर्ची," वहिनी म्हणाली. "खालीच आहे. कॅफेसाठी ठेवलीये यांनी."

"थांबा जरा!" ब्योंग-हुन ओरडला. "मि-रान, असं काही करू नकोस. एकदा आकडा आला की परत मागे नेता येत नाही."

"म्हणूनच हवाय मला. आठवणीला मी विचारलं, दादा. ती माझ्याच बाजूने बोलते." मि-रानने फोन उलटा करून मेजावर ठेवला. "एकशे सत्तरच्या वर आला तर फलक आहे तसा. खाली आला तर फोटोखाली ताईचं नाव. तिचं एकटीचं. आणि माझ्याबद्दल लिहितील की मी त्या वेळी जिन्यावरून खाली येत होते."

माल-सुनने मान वर केली. जिन्याचं कुणी कधी बोललं नव्हतं. मि-रानला ते आठवत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आई," मि-रान म्हणाली, "किल्ली."

माल-सुनने स्वेटरच्या खिशात हात घातला. किल्ली काढली, पण ती मि-रानच्या हातात दिली नाही. मेजावर, एकवीस ताटल्यांच्या मधून, सुन-ओकपुढे सरकवली.

"मी 'हीच' म्हणाले," ती म्हणाली. "त्या माणसाला. तुझं लग्न मोडू नये म्हणून. तुला विचारलं नाही."

सुन-ओकने किल्ली उचलली नाही. "विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते?"

"ते मला आजतागायत माहीत नाही गं," आई म्हणाली.

*

खालच्या दुकानात आजोबांच्या वेळेचा वास अजून होता, आंबट आणि गार. कपाटात निगेटिव्हची पाकिटं वर्षांप्रमाणे लावलेली होती. नावांची वही दुकान बंद झालं तेव्हा रद्दीत गेली होती. 'घरचे, १९९३, शरद' असं लिहिलेल्या पाकिटात एकच निगेटिव्ह निघाली, तळहाताएवढी.

दान-बीने ती कडांनी धरली आणि उजेडात तिरकी केली. डाव्या डोळ्याखाली, खरबरीत बाजूवर, शिशाची बारीक चमक होती.

"तीळ!" वहिनी म्हणाली.

"मला मुरुमं होती तेव्हा," मि-रान म्हणाली. "तीही बाबा असेच घालवायचे."

"हो," दान-बी म्हणाली. "म्हणून हे मोजमापात धरत नाही."

तिने आधी खुर्ची तपासली. चार पाय, कुठे कापल्याची खूण नाही. मागच्या दोन पायांना कुणीतरी जाड कापडाचे तुकडे चिकटवले होते.

"ते मी लावले, मागच्या वर्षी," ब्योंग-हुन म्हणाला. तो खाली येणार नाही असं म्हणाला होता, पण आला होता. गुडघ्यावर बसून त्याने स्वतःच ते तुकडे नखाने उपटले. मग दान-बीने टेप लावली, जमिनीपासून पाठीच्या कोरीव टोकापर्यंत. तीनदा मोजलं. तिन्हीदा एकशे चार सेंटिमीटर.

"बूट कुठले होते?" तिने विचारलं.

"सपाट," सुन-ओक आणि माल-सुन एकदमच म्हणाल्या.

आजोबांची उजेडाची पेटी अजून लागत होती. दान-बीने निगेटिव्ह तिच्यावर ठेवली, वर पारदर्शक प्लास्टिक, त्याच्यावर पोलादी पट्टी. भिंगातून आधी पाय पाहिले. खुर्चीचे मागचे पाय आणि मुलीच्या टाचा जमिनीच्या एकाच फळीवर होत्या. अंतर सारखं होतं. मग तिने पट्टीवरची मापं वाचायला सुरुवात केली, आधी खुर्ची, मग मुलगी, मग पुन्हा खुर्ची.

मि-रान दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, अनवाणी. सुन-ओक तिच्या शेजारी आली आणि उभी राहिली. तिचं डोकं मि-रानच्या कानाशी लागत होतं. मि-रानने तिच्याकडे न बघता तिच्या एप्रनचा कोपरा बोटांत धरला, लहानपणी बाजारात धरायची तसा.

"वाटलं तर रडून घे," सुन-ओक कुजबुजली. "तुला तर सांगितल्यावर येतं."

"आज नाही येत," मि-रान म्हणाली.

दान-बीने प्रत्येक माप पाच वेळा घेतलं, सरासरी काढली आणि पाकिटाच्या मागे लिहिली. पाकिटाच्या पुढच्या बाजूला आजोबांचं अक्षर होतं, म्हणून तिने मागे लिहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

"निगेटिव्हवर खुर्ची एकसष्ट मिलिमीटर. मुलगी शहाण्णव पूर्णांक आठ. खरी खुर्ची एकशे चार सेंटिमीटर. बुटासकट मुलीची उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर. चूक असलीच तर अर्धा सेंटिमीटर, कमी किंवा जास्त."